घाई नको, खंडही नको: नव्या डिझायनरच्या वाढीचा वेग



रायपूरच्या शंकर नगरमध्ये रविवारी सकाळी आपला मराठी अभ्यासवर्ग भरतो. त्यात येणाऱ्या तरुणांपैकी काही जण डिझाइनचे काम करतात. कोणी जाहिरातसंस्थेत आहेत, कोणी मोबाइल ॲपचे पडदे रचतात, तर कोणी पंडरीच्या कापडबाजारातील दुकानांसाठी फलक, पिशव्या आणि कार्डे तयार करतात. बहुतेकांची नोकरी एक ते तीन वर्षांची आहे. वर्ग संपल्यावर चहा घेताना त्यांच्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतो: "माझ्याबरोबर शिकलेले पुण्यात, बेंगळुरूत सीनियर झाले. मी अजून तिथेच आहे. मी मागे पडलो का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे घरचे कर्ज असते, आई-वडिलांची काळजी असते, आणि रात्री झोपण्यापूर्वी मोबाइलवर पाहिलेली दुसऱ्याच्या बढतीची बातमी असते. म्हणून आजच्या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करू. आपल्या वाढीचा वेग कोणी ठरवायचा, आणि कशावरून?

१. पद वाढते आणि हात वाढतो

डिझायनरची वाढ दोन ठिकाणी होते. एक पदाची वाढ. ज्युनियर, सीनियर, लीड अशा पाट्या आणि त्यांच्याबरोबर येणारा पगार. ही वाढ सर्वांना दिसते. दुसरी हाताची आणि नजरेची वाढ. ती बाहेरून दिसत नाही, पुष्कळदा स्वतःलाही उशिरा कळते.

आपल्या रोजच्या पाहण्यातले एक उदाहरण घेऊ. रायपूरमध्ये बहुतेक छपाई हिंदीची होते. इथल्या संगणकांवरचे अनेक फॉन्ट हिंदी वळणाचे असतात आणि त्यातील 'ल' व 'श' मराठी वळणाहून वेगळे दिसतात. मराठी वाचकाला ते वाचता येते, पण पाहुण्याच्या घरी आल्यासारखे वाटते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न अर्ध्या र-चा. 'आचार्यांना निमंत्रण' आणि 'आचाऱ्यांना निमंत्रण' यांत फक्त एका चिन्हाचा फरक आहे. पहिल्यात विद्वान गुरुजन येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. मराठीचा हा 'ऱ्य' कळफलकावर कसा काढायचा आणि निवडलेल्या फॉन्टमध्ये तो नीट उमटतो की नाही, हे तपासण्याची सवय ज्याला लागली त्याचा हात वाढला. त्याच्या ओळखपत्रावर मात्र काहीच बदलले नाही.

पद आणि हात यांचा वेग सारखा असेल तर फार चांगले. अडचण तेव्हा होते जेव्हा पद पुढे निघून जाते आणि हात मागे राहतो. तीन वर्षांत चार नोकऱ्या बदलून लीड झालेल्या व्यक्तीला आता दुसऱ्यांचे काम तपासायचे असते. कुठल्या दोन ओळींमधली जागा चुकली, ग्राहकाला नेमके काय हवे आहे, छपाईला गेल्यावर हा रंग कसा दिसेल, हे तिला सांगता यायला हवे. ते येत नसेल तर तो माणूस आतून घाबरलेला राहतो. अशा भीतीतून कठोर बोलणे येते, दुसऱ्याचे श्रेय घेणे येते, झोप जाते. म्हणजे हा केवळ नोकरीचा प्रश्न राहत नाही, स्वभावाचाही होतो. अभ्यासवर्गात त्याचा विचार करायचा तो यासाठीच.

२. अभ्यासाच्या तीन अटी

आपल्या भाषेत 'अभ्यास' हा शब्द शिकण्यासाठीही वापरतात आणि पुन्हा पुन्हा करण्यासाठीही. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात अभ्यास पक्का केव्हा होतो हे सांगितले आहे. त्याचा आशय असा की तो दीर्घकाळ चालला पाहिजे, त्यात खंड पडता कामा नये, आणि तो आदराने झाला पाहिजे.

यात वेगाबद्दल काहीच सांगितलेले नाही, हे लक्षात घ्या. जलद करा असे नाही, सावकाश करा असेही नाही. दीर्घकाळ म्हटले की घाई आपोआप गळते. खंड नको म्हटले की आळस गळतो. आणि आदर म्हटले की हातात आलेले लहान काम उरकून टाकण्याची वृत्ती गळते.

या तीन अटी आपल्या छत्तीसगडात डोळ्यांनी पाहता येतात. जगदलपूरच्या रस्त्यावर कोंडागावला ढोकरा कलेचे कारागीर पितळेच्या मूर्ती ओततात. आधी मातीचा गाभा करतात आणि तो वाळवतात. त्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून दागिने, डोळे, केस उठवतात. वरून पुन्हा मातीचे थर देतात आणि तेही वाळवतात. मग भट्टीत मेण वितळून जाते आणि त्याने सोडलेल्या जागेत वितळलेले पितळ भरते. थंड झाल्यावर साचा फोडतात. तो साचा पुन्हा वापरता येत नाही. माती ओली असताना भट्टी पेटवली तर साचा तडकतो, आणि मेणाचे सगळे काम त्याच्याबरोबर जाते. पण कारागीर या वाळण्याच्या काळात हात बांधून बसत नाही. एक गाभा वाळत असतो तेव्हा दुसऱ्यावर मेण चढत असते. थांबणे आणि रिकामे बसणे यांतला फरक इथे स्पष्ट कळतो.

३. जावजी दादाजी: एकेक पायरी

आता आपल्या मराठी अक्षरांच्याच इतिहासातील एका माणसाकडे वळू. आजचा डिझायनर अक्षर संगणकावर निवडतो. एकोणिसाव्या शतकात ते अक्षर हाताने घडवावे लागे. पोलादाच्या दांड्याच्या टोकावर उलटे अक्षर कोरायचे, त्याचा ठसा तांब्यावर उमटवून साचा करायचा, आणि त्या साच्यात शिशाचा मिश्रधातू ओतून टाइप पाडायचे. देवनागरीत काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे असल्यामुळे असे कितीतरी वेगवेगळे टाइप लागत.

जावजी दादाजी यांचा जन्म १८३९ साली मुंबईत झाला. घरची गरिबी होती, शिक्षण जेमतेम. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागले. ओतलेल्या टाइपाच्या खरखरीत कडा घासून सारख्या करणे हे छापखान्यातले सर्वांत खालचे काम. तिथे टॉमस ग्रॅहॅम हे देवनागरी टाइपांचे जाणकार होते. त्यांच्या हाताखाली जावजींची नजर तयार झाली. पुढे त्यांनी मुंबईतील आणखी छापखान्यांत काम केले, पण विषय बदलला नाही. काम टाइपांचेच राहिले.

१८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. अक्षरे कोरण्यात निष्णात असलेले त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांची साथ त्यांना होती. निर्णयसागरचे सुबक टाइप आणि निर्णयसागर पंचांग पुढे घरोघरी पोहोचले. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ पासून आणि संस्कृत ग्रंथांची 'काव्यमाला' १८८६ पासून याच छापखान्यातून निघू लागली. १८९२ साली जावजींचे निधन झाले.

या चरित्रातून 'सावकाश जा' असा धडा काढणे बरोबर होणार नाही. पंचविसाव्या वर्षी स्वतःचा कारखाना काढणारा माणूस संथ नव्हता. मात्र कारखाना काढला तेव्हा त्यांना टाइपाची प्रत्येक कड बोटांनी माहीत होती. आधी टाइप, मग पाच वर्षांनी छापखाना, आणि त्यानंतर मोठी प्रकाशने. प्रत्येक नवी पायरी आधीच्या पायरीवर उभी होती. शिवाय जे काम स्वतःपेक्षा दुसऱ्याला चांगले येते ते त्याच्याकडे सोपवण्याचा समजूतदारपणाही होता. आपल्या गरजेच्या कामात आपल्यापेक्षा चांगला हात असलेला मित्र जवळ ठेवणे, हीसुद्धा वाढच आहे.

४. र. कृ. जोशी: धागा एक, कामे अनेक

कोणी म्हणेल, ते दिवस वेगळे होते. आता सॉफ्टवेअर दर वर्षाला बदलते, चित्रे यंत्र काढून देते. म्हणून अलीकडचे उदाहरण घेऊ.

रघुनाथ कृष्ण जोशी, अर्थात र. कृ. जोशी, हे १९३६ साली जन्मलेले सुलेखनकार, कवी आणि अक्षररचनाकार. त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ 'उल्का' या जाहिरातसंस्थेत काम केले. १९८३ मध्ये ते मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीमध्ये, शिकवू लागले. तिथून निवृत्त झाल्यावर मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांच्या संगणकीय फॉन्टवर त्यांचे काम चालू राहिले. 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांनी घडवला. विंडोज २००० बरोबर तो असंख्य संगणकांवर पोहोचला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले.

बोरूपासून संगणकापर्यंत त्यांची साधने किती बदलली! पण हाताखालचा विषय अक्षर हाच राहिला. साधनाचे ज्ञान लवकर जुने होते. ॲडोबी कंपनीने २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार काढून घेतला, तेव्हा ज्यांना फक्त फ्लॅशची बटणे येत होती त्यांना पुन्हा आरंभ करावा लागला. ज्यांना हालचालीचा वेळ, वजन आणि विराम कळत होता, ते दुसऱ्या साधनाकडे वळले. आज यंत्र काही क्षणांत दहा लोगो काढून देते. त्यातला योग्य कोणता, आणि दहाही चुकीचे असतील तर का, हे सांगणारी नजर मात्र अभ्यासानेच तयार होते.

त्यामुळे पहिल्या पाच वर्षांत 'मी कोणत्या पदावर पोहोचेन' याबरोबर 'माझा धागा कोणता' हेही शोधावे. अक्षर असेल, रंग असेल, कापड असेल, लोकांना फॉर्म भरताना येणाऱ्या अडचणी असतील. धागा सापडला की नोकरी बदलली तरी आपण विखरत नाही.

५. जागा केव्हा बदलावी?

संयम म्हणजे एकाच खुर्चीला चिकटून राहणे नव्हे. जावजींनीही छापखाने बदलले. बदलण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला: सहा महिन्यांपूर्वी मला येत नव्हते असे आज काय येते? उत्तर एका वाक्यात, नेमके देता आले पाहिजे. लागोपाठ दोन सहामाहींत उत्तर सापडले नाही, तर त्या जागेचे शिकवणे संपत आले आहे.

दुसरा: इथे माझ्यापेक्षा चांगली नजर असलेले कोणी माझे काम पाहते का? अशी व्यक्ती असेल तर थोड्या कमी पगाराचे ठिकाणही काही काळ मौल्यवान असते. नसेल तर ती बाहेर शोधावी लागेल.

तिसरा: मी एखाद्या कामाकडे जातो आहे की एखाद्या तुलनेपासून पळतो आहे? मित्राच्या बढतीची बातमी वाचून त्याच रात्री पाठवलेला अर्ज बहुधा तुलनेतून गेलेला असतो. तो अर्ज आठवडाभर थांबवावा. आठ दिवसांनीही योग्य वाटला तर निश्चिंत मनाने पाठवावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पगारातून घर चालत नसेल, ठरलेले पैसे वेळेवर मिळत नसतील, किंवा अपमान होत असेल, तर तिथे राहण्याला तपश्चर्या म्हणू नये. 'अनुभव मिळतो आहे ना' असे सांगून महिनोन्महिने फुकट काम करवून घेणाऱ्याला नम्रपणे नकार देणे हाही धर्मच आहे. घरच्या गरजेसाठी पगार पाहून नोकरी बदलली तर त्यात कमीपणा नाही. फक्त तो निर्णय पैशासाठी आहे हे स्वतःशी प्रामाणिकपणे मान्य करावे आणि हाताच्या अभ्यासासाठी वेगळा वेळ राखावा.

६. घसाऱ्याची नोंद

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, त्यामुळे हे हिशेबाच्या भाषेत सांगतो. कारखान्यातील यंत्र दर वर्षी थोडे झिजते. त्या झिजेला घसारा म्हणतात आणि नफा काढताना तो वजा करावा लागतो. घसारा न धरता काढलेला नफा कागदावर मोठा दिसतो, पण यंत्र बंद पडते त्या दिवशी नवे घ्यायला पैसा नसतो.

दिवसा नोकरी, रात्री दोन वाजेपर्यंत फ्रीलान्स आणि रविवारी एखाद्या लग्नाची पत्रिका, असा वेग ठेवणाऱ्या तरुणाची कमाई वाढते. मात्र डोळे, पाठ, मनगट, झोप आणि नवे पाहण्याची उत्सुकता यांचा घसारा तो कुठेच लिहीत नाही. डिझायनरचे यंत्र म्हणजे त्याची नजर. थकलेल्या नजरेला चांगले आणि बरे यांतला फरक दिसेनासा होतो. म्हणून विश्रांतीला चैन समजू नये. ती खर्चाच्या बाजूला धरायची नियमित रक्कम आहे. नवे काम स्वीकारताना 'पैसे किती' याच्या शेजारी 'झोपेतून किती' हेही लिहावे.

७. काम सांगणाऱ्यांसाठी

हा पाठ केवळ तरुणांसाठी नाही. त्यांचा वेग बिघडवण्यात काम सांगणाऱ्यांचाही हात असतो. आपल्या कार्यक्रमांचे फलक आणि पत्रके हेच तरुण सेवा म्हणून करतात. रात्री अकरा वाजता संदेश जातो, 'उद्या सकाळपर्यंत बॅनर हवा'. मजकूर अर्धा असतो. मग चार ज्येष्ठांकडून चार दुरुस्त्या येतात आणि त्यातल्या दोन एकमेकींच्या विरुद्ध असतात. तरुण संकोचाने काही बोलत नाही, आणि हळूहळू वर्गाला येणेच कमी करतो.

सेवा आनंदाची राहावी यासाठी तीन साधे नियम पाळता येतील. मजकूर पूर्ण आणि तपासलेला असावा. तो किमान सात दिवस आधी द्यावा. दुरुस्त्या एकाच व्यक्तीने एकत्र करून सांगाव्यात. पालकांनाही विनंती आहे की 'शेजारच्याचा मुलगा बघ' याऐवजी 'सध्या काय नवीन शिकतो आहेस?' असे विचारावे. या प्रश्नाने मूल आपले काम उलगडून दाखवते, आणि ते दाखवताना त्याला स्वतःलाही आपली वाढ कळते.

या महिन्याचा अभ्यास

१. रोज तीस मिनिटे आपल्या धाग्याचे एक काम करा. त्यात ग्राहक नाही, पैसे नाहीत, मोबाइल जवळ नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. नेहमीचीच तीस मिनिटे करा.

२. आठवड्यातून एकदा आपले एक जुने काम काढून पाहा. आज त्यात काय वेगळे केले असते, ते दोन ओळींत तारखेसह लिहा. सहा महिन्यांनी ही वही तुमच्या हाताची वाढ दाखवेल.

३. आपल्यापेक्षा चांगली नजर असलेल्या एका व्यक्तीला महिन्यातून एकदा काम दाखवा. ऐकताना स्वतःचे समर्थन करू नका, फक्त लिहून घ्या.

४. दुसऱ्यांच्या बढत्यांच्या बातम्या झोपण्यापूर्वी पाहू नका. अभिनंदन करायचे असेल ते सकाळी, मनापासून करा.

चिंतनासाठी प्रश्न

माझा आजचा वेग मी ठरवला आहे की कोणाला तरी पाहून धरला आहे? मिळालेल्या सर्वांत लहान कामाचा मी आदर केला का? माझ्याकडून ज्यांना काम सांगितले जाते, त्यांच्या वेळेचा मी विचार करतो का?

पुढील रविवारी येताना प्रत्येकाने आपली वही, आणि तिच्यात निदान एक तरी तारखेची नोंद, बरोबर आणावी ही विनंती.